दाब, धर, सोड

आमच्याकडे मोटार होती त्या काळात मी ड्रायव्हरच्या सीटवर पुष्कळ बसले, पण गाडी आयुष्यात कधी हातभरही चालवली नाही. मी त्या सीटवर बसायचे तेव्हा गाडी चिऱ्यांवर चढवलेली असायची, चाकं काढून चिकूच्या बुंध्याला टेकवलेली असायची, आणि आमचे हे, म्हणजे माझा नवरा, चाकाच्या जागी गोणपाटावर आडवे पडून माझ्यावर खेकसत असायचे. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक खाली, एक पेडलवर. आमच्या घरातलं पेडलवरचं माणूस म्हणजे मी.

आता उजवा गुडघा बोलायला लागलाय. परवा डॉक्टरांनी विचारलं, आजी, तरुणपणी काही जड कामं केलीत का? मी म्हटलं, विहिरीचं पाणी ओढलं, केळीचे लोंगर उचलले, आणि नवऱ्याच्या गाडीचे ब्रेक दाबले. ते हसले. त्यांना वाटलं म्हातारी थट्टा करतेय.

विरारजवळ नंदाखालला आमची वाडी. नारळ, केळी, थोडा पानमळा आणि विहिरीच्या अंगाला मोगरा. नुसत्या वाडीवर घर चालत नव्हतं म्हणून हे कारखान्यात फिटर होते, आणि नुसत्या कारखान्यावर चालत नव्हतं म्हणून वाडी होती. दोन्हींनी मिळून आम्हाला कधी निवांत बसू दिलं नाही. पहाटे उठून मी फुलं खुडायची, यांनी फुलांच्या पाट्या घेऊन विरारला जायचं, तिथून कारखाना, संध्याकाळी परत येऊन केळीला पाणी. मी लग्न होऊन आले तेव्हापासून या माणसाला मी एकतर निघताना पाहिलं किंवा थकून आल्यावर पाहिलं. मधला नवरा मला फारसा माहीतच नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा यांच्या डोक्यात मोटारीने घर केलं. पाट्या सायकलवर किती दिवस वाहायच्या, असं म्हणायचे. मुंबईत टॅक्सी म्हणून झिजून झिजून बाद झालेली एक गाडी कोणाच्या तरी ओळखीने मिळाली. काळा-पिवळा रंग खरवडून वर दुधी रंग मारलेला होता, पण दार उघडलं की कडेला काळा दिसायचाच. सासूबाईंनी तिला ओवाळलं, नारळ फोडला, आणि त्या दिवसापासून माझ्या मागे आणखी एक काम लागलं.

गाडी म्हणायला आमची, वापरायला अख्ख्या आळीची. कोणाला ताप आला, कोणाची वरात निघाली, कोणाची म्हातारी पडली, की आमच्या अंगणात माणूस उभा. हे नाही म्हणायचे नाहीत. नाही म्हणणं त्यांना जमतच नव्हतं, म्हणून तर कारखान्यातही सगळे त्यांच्याच गळ्यात कामं मारायचे. अर्नाळ्याकडून येणारा खारा वारा आणि आमच्या रस्त्यांवरची रेती, दोघांनी मिळून गाडी खायला घेतली होती. हातब्रेकची तार गंजून कधीच तुटली होती. नवीन घालतो, घालतो म्हणता म्हणता ती तशीच राहिली. पायाचा ब्रेक मात्र ते जपायचे. लायनर, म्हणजे चाक आवळून धरणाऱ्या पट्ट्या, झिजले की ते ज्यावर बसतात ते लोखंडी शू विरारला नेऊन त्यांवर नवीन लायनर ठोकून आणायचे, आणि बसवायचं काम घरच्या घरी. गॅरेजवाल्याला कशाला, मी फिटर आहे ना, हे त्यांचं पालुपद. फिटर हे होते, पण गडी कोण होतं ते मला विचारा.

तर ते काम असं. ब्रेक उघडला, कुठे तेलाची जोडणी सैल केली, की नळीत हवा शिरते. हवा शिरली की पेडल मऊ पडतं, दाबलं तरी नुसतं खाली जातं, गाडी थांबत नाही. ती हवा हुसकून लावायची. चाकामागे एक छोटा चावीचा स्क्रू असतो, त्याला रबराची नळी लावायची, नळीचं दुसरं टोक औषधाच्या बाटलीत. खालून हुकूम यायचा, "दाब. दाब. दाब. धर." मी तीन वेळा पेडल मारायचं आणि मग दाबून धरून ठेवायचं. हे स्क्रू सैल करायचे, बुडबुडे बाटलीत जायचे, माझ्या पायाखालचं पेडल हळूहळू खाली बसायचं. मग ते स्क्रू घट्ट करायचे आणि म्हणायचे, "सोड." हे 'सोड' ऐकू येईपर्यंत पाय हलवायचा नाही. हलवला तर हवा आल्या वाटेने परत आत, आणि केलेलं सगळं फुकट. लग्नानंतर मला या घरात पुष्कळ नियम सांगितले गेले, पण एवढा कडक एकही नव्हता.

आणि खाली पडलेला माणूस विसरतो हो. स्क्रू घट्ट करता करता त्याला तिथेच एखादी चीर दिसते, गंज दिसतो, तो घासत बसतो. वर मी एका पायावर सगळं अंग टाकून बसलेली. मांडी थरथरायला लागायची. "अहो, सोडू का?" म्हटलं की खालून, "सोडू नकोस, सांगेन मी." पायाचे तुकडे पडायचे. मी किती वेळा मनात म्हटलं असेल, एक दिवस या माणसाला इथे बसवून मी खाली आडवी पडणार.

एका वर्षी थंडीत माझी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. घरात सगळे तिला बाय म्हणायचे, मीही. स्वभावाने गरीब पोर. मी फुलं खुडायला निघाले की पोट सावरत माझ्या मागे यायची आणि पाटी धरून उभी राहायची. विरारच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं की मूल आडवं आहे, घरी बाळंतपण करायचा विचारही करू नका, कळ आली की सरळ इकडे आणा. सासूबाईंची सगळी मुलं आमच्याच माजघरात झालेली. त्यांनी हे ऐकलं आणि त्या दिवसापासून त्यांचं अन्नावरचं लक्ष उडालं. आमच्या गाडीवर तेव्हा सगळ्या घराचा जीव टांगला होता.

आणि शनिवारी गाडीच्या ब्रेकमधून खर्र खर्र आवाज यायला लागला. यांनी चाक उघडून पाहिलं तर लायनर संपून ते ठोकलेल्या रिव्हेटा चाकाला घासायला लागल्या होत्या. त्याच संध्याकाळी शू घेऊन विरारला गेले, नवीन लायनर ठोकून आणले, आणि रविवारी सकाळी गाडी चिऱ्यांवर चढली.

सासूबाई ओटीवर येऊन उभ्या राहिल्या. त्यांची बोली घरची, जुन्या वाडीवाल्यांची, मी ती इथे सरळ करून लिहिते. म्हणाल्या, "पोरीचे दिवस भरलेत आणि तुला आजच गाडी खोलायची हौस आलीय?"

"आई, ब्रेक नसलेल्या गाडीतून नेऊ का तिला?"

"आणि आज कळ आली तर?"

"आज येत नाही."

हे त्यांना कोणी सांगितलं देव जाणे. दोघांचंही म्हणणं बरोबर होतं, म्हणून मला दोघांचाही राग आला. चुकीच्या माणसावर निदान ओरडता येतं.

जेवणं आटपून मी भांडी घासली, पदर खोचला आणि सीटवर जाऊन बसले. नवीन शू तोवर बसले होते. चारही चाकांचे जुने रबर बदलताना तेल वाहून गेलेलं, म्हणजे चारही चाकांची हवा काढायची होती. सासरे बॉनेटशी स्टूल टाकून बसले. त्यांच्या हातात ब्रेक ऑइलचा डबा. पुढे बॉनेटखाली तेलाची छोटी टाकी असते, ती रिकामी होऊ द्यायची नाही, थोडं कमी झालं की ओतत राहायचं, एवढंच त्यांचं काम. यांनी त्यांना समजावून सांगितलं तर ते म्हणाले, "कळलं रे. टाकी म्हणजे विहीर. विहीर आटली की पाट कोरडा." आणि सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची हे ऐकून तर ते खूशच झाले, कारण वाडीला पाणीही ते लांबच्या वाफ्यापासूनच द्यायचे. मला वाटलं, चला, आज एक तरी शहाणा माणूस मदतीला आहे.

मागचं डावं चाक झालं. मागचं उजवं झालं. दाब, दाब, दाब, धर, सोड. पेडल हळूहळू पायाला जाणवायला लागलं. हवा असते तेव्हा पेडल भिजलेल्या कणकेसारखं लागतं, आणि हवा गेली की एका जागी येऊन ठाम थांबतं. ते मला पायानेच कळायचं, यांना खाली पडून कळायचं नाही. पुढच्या डाव्याला सुरुवात केली आणि तेवढ्यात वीज आली.

आमच्याकडे तेव्हा विजेचा भरवसा नव्हता. सकाळपासून गेलेली वीज अशी अवचित यायची आणि केव्हा जाईल ते सांगता यायचं नाही. वीज आली की पंप सुरू करायचा, पंप सुरू झाला की पाट फोडायचे, कारण एक पाळी चुकली की पानवेली मान टाकतात. विहिरीवरच्या दिव्याचा बल्ब पेटलेला सासऱ्यांनी पाहिला असणार. ते उठले, डबा स्टुलावर ठेवला, कुदळ घेतली आणि चालते झाले. उघडलेलं बॉनेट माझ्यासमोर भिंतीसारखं उभं. मला पलीकडचं काही दिसत नव्हतं. हे चाकामागे. पंपाची धडधड ऐकली तरी आम्हाला दोघांनाही त्यातून काही सुचलं नाही. तो आवाज कानांच्या अगदी सवयीचा होता.

आम्ही आपले दाब, दाब, धर. मग एकदा पेडल एकदम खाली बसलं, पार फळीला टेकलं.

"अहो, पेडल गेलं."

"दाब."

"दाबलंय. वर येत नाहीये."

हे उठले, बॉनेटशी गेले. मी उतरून पाहिलं तर टाकी कोरडी ठणठणीत. तेलाऐवजी नळ्यांमध्ये आता नुसती हवा भरली होती, झालेल्या चाकांतसुद्धा. यांनी हातातला पाना जमिनीवर ठेवला. फेकला नाही, ठेवला. फेकला असता तर मला बरं वाटलं असतं.

सासऱ्यांना कोणी काही बोललं नाही. ते पाणी देऊन आले, चिखलाचे पाय तसेच, आणि आमची तोंडं पाहून त्यांना कळलं. म्हणाले, "पाळी गेली असती रे." खरंच गेली असती. त्यांच्या डोळ्यांना ब्रेक दिसतच नव्हता, वाफा दिसत होता, आणि त्याच वाफ्यांवर आम्ही सगळे वाढलेलो. त्यांच्यावर कुठल्या तोंडाने रागवायचं?

पुन्हा पहिल्यापासून. मागचं डावं. दाब, दाब, दाब, धर. मला आता आठवतं ते एवढंच की माझा पाय माझा राहिला नव्हता. यांच्या पाठीला गोणपाटाच्या रेघा उठल्या होत्या. मघाशी बाटलीत साठलेलं तेल काळं झालेलं, त्यात गाळ, ते परत घालता येईना. डब्यातलं नवीन तेल संपत आलं आणि अजून पुढचं एक चाक बाकी. रविवारची दुपार, विरारचं दुकान बंद, आगाशीतही मिळायचं नाही.

हे घरात गेले आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एरंडेलाची बाटली होती. सासूबाईंनी बाळंतिणीसाठी आणून फडताळात वर ठेवलेली.

"अहो, ते बायसाठी आहे."

"माहितीये. कारखान्यात म्हणतात, ब्रेक ऑइल मुळात एरंडेलाचंच करतात."

"कारखान्यात काय वाट्टेल ते म्हणतात."

"थोडंसंच घालतो. टाकी भरेल."

आणि त्यांनी घातलं. मी कपाळावर हात मारला आणि परत सीटवर जाऊन बसले. थकलेल्या माणसाशी थकलेल्या माणसाने भांडायचं म्हणजे दोघांनाही मधेच झोप लागते. शेवटच्या चाकाचं झालं तेव्हा पेडल काही धड नव्हतं. पहिल्यांदा दाबलं की खाली. पुन्हा दाबलं की अर्ध्यावर. तिसऱ्यांदा वर यायचं आणि धरायचं, पण पाय काढून थोडा वेळ गेला की परत पहिले पाढे.

मी म्हटलं, "मऊ आहे."

"बसेल."

"बसेल म्हणजे? ब्रेक आपोआप बसतो का?"

"उद्या सुट्टी टाकतो. सकाळी तेल आणून सगळं काढून टाकू. आता मला उठवत नाही गं."

हे 'उठवत नाही' त्यांनी इतक्या साध्या आवाजात म्हटलं की माझा सगळा राग गळून गेला. चाकं चढवून त्यांनी गाडी खाली घेतली आणि तिथेच मडगार्डला पाठ लावून बसले. मी चहा ठेवायला आत गेले. आधण उकळलं नव्हतं तोच स्वयंपाकघराच्या दारात बाय उभी राहिली, दोन्ही हातांनी चौकट धरून. तिच्या पायाशी जमीन ओली झाली होती.

"वहिनी," ती म्हणाली, "हे काय झालं बघ ना."

मी चुलीतली लाकडं ओढून घेतली. सासूबाईंना हाक मारली. सासूबाई आल्या, पाहिलं, आणि ओटीवर जाऊन मुलाकडे बघत उभ्या राहिल्या. त्या बघण्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

दुसरी सोय नव्हती असं नाही, पण हाताशी नव्हती. आळीतली दुसरी मोटार लग्नाला गेलेली. एसटी आत्ताच गेलेली, पुढची केव्हा येईल याचा नेम नाही. सासरे म्हणाले बैलगाडी जुंपू, तर बाय कळ येऊन ओणवी झाली, आणि बैलगाडीच्या धक्क्यांचा विचार करून त्यांनीच तो विषय सोडला. मूल आडवं. त्याला वेळ नसतो.

हे गाडीजवळ उभे होते. मला म्हणाले, "पेडल कसं आहे?" आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

मी म्हटलं, "तीनदा मारलं की धरतं. एकदा दाबून भागायचं नाही. आधीपासून मारत यायला हवं."

"मग जाऊ हळूहळू. दुसऱ्या गिअरवर नेतो."

सासूबाई बायचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसल्या. पुढची सीट आमच्या घरात पुरुषमाणसाची, सासरे त्या दाराशी आलेही होते. मी त्यांना म्हटलं, "बाबा, मी बसते पुढे." सासूबाई मागून म्हणाल्या, "तू कशाला, तू मागे ये, हिचे पाय धर." मी म्हटलं, "आई, या ब्रेकची ओळख मला आहे." आणि बसले. सासरे घरीच थांबले. तेवढी हिंमत माझ्यात कुठून आली मला ठाऊक नाही. बहुतेक थकव्यातून आली. माणूस फार थकला की त्याला भिडेचंही ओझं होतं.

निघालो. ऊन उतरलं होतं. रस्ता अरुंद, दोन्हीकडे वाड्यांची कुंपणं, मधूनच कोणाची गाय. पहिल्याच वळणावर यांनी सवयीने एकदा पाय दाबला आणि गाडी तशीच पुढे गेली. कुंपणाच्या निवडुंगाला घासून आम्ही वळलो. माणसाचं डोकं समजतं, पण पायाला कोण समजावणार? इतकी वर्षं एकदा दाबून गाडी थांबलेली, तो पाय तेच करणार. पुढे मोकळं लागलं, मी यांना बोलत राहिले, आधीपासून मारा, आधीपासून. यांनी मान हलवली. मागे बाय दात दाबून कण्हत होती आणि सासूबाई तिच्या केसांवरून हात फिरवत काहीतरी पुटपुटत होत्या.

बोळिंजच्या अलीकडे रस्ता जरा उतरतो आणि वळतो. वळलो आणि समोर बँड. ख्रिस्ती लोकांचं लग्न होतं. वरात अख्खा रस्ता भरून चाललेली, पुढे वाजवणारे, त्यांच्यामागे नवरा-नवरी छत्रीखाली, मागे लुगड्यांतल्या बायका, कडेवर पोरं. सगळ्यांच्या पाठी आमच्याकडे. बँडच्या आवाजात कोणाला गाडी ऐकू येईना, आणि आमच्या हॉर्नचा तर कधीपासून घसा बसलेला.

यांनी पाय दाबला. एकदाच, नेहमीसारखा. पेडल फळीला टेकलेलं मी पाहिलं. यांचा पाय तिथेच खिळला, जणू अजून जोर लावला तर तळातून ब्रेक निघेल. मला तो पाय दिसत होता आणि त्या पेडलचं पुढे काय होणार ते मला माझ्या पायात कळत होतं.

मी म्हटलं, "सोड."

त्यांनी सोडलं.

"दाब. सोड. दाब. सोड. दाब. धर."

मोठ्याने नाही ओरडले. जसं अंगणात खालून यायचं तसंच म्हटलं, त्याच चालीवर. आणि पाय तसतसा चालला. तिसऱ्या खेपेला पेडल वर आलं, गाडीचं नाक खाली दबलं आणि चाकांनी रस्ता धरला. सगळ्यात मागच्या बाईच्या लुगड्याला बंपर लागला असेल नसेल. ती वळली, तिने काचेतून आत पाहिलं, मागच्या सीटवरची बाय पाहिली, आणि तिने हाताने पुढच्या लोकांना बाजूला ढकलायला सुरुवात केली. बँड थांबला. माणसं कुंपणाला चिकटून उभी राहिली. त्या नवरीनेही आपला झगा गोळा करून आम्हाला वाट दिली. आम्ही गेल्यावर बँड पुन्हा सुरू झालेला ऐकू आला.

त्यानंतर विरार येईपर्यंत मी तेच म्हणत होते. गाय आली, दाब, दाब, दाब, धर. सायकलवाला आला, दाब, दाब, दाब, धर. नवऱ्याला 'अहो' सोडून दुसरं काही मी कधी म्हटलं नव्हतं, आणि सासूबाई मागेच बसल्या होत्या. एकदा मी जरा थांबले तर त्याच मागून म्हणाल्या, "बोलत राहा गं, तू बोलत राहा."

बाळंतपणाच्या दवाखान्याच्या फाटकाशी बराच चढ होता. गाडी चढावर उभी राहिली. आया धावत आल्या, बायला उतरवून घेतलं, सासूबाई तिच्याबरोबर आत गेल्या. मीही जाणार होते, पण फाटकापाशी जाऊन वळून पाहिलं तर हे गाडीतच. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे समोर. मी परत आले.

"चला ना आत."

"पाय कसा काढू? मागे जाईल."

हातब्रेक तुटलेला, आणि झिजलेलं इंजिन गिअरवरही गाडी धरत नसे. चढावर गाडी नुसती त्या पेडलवर थांबलेली होती, आणि ते पेडल यांनी धरून ठेवलं होतं. मी इकडे तिकडे पाहिलं, भिंतीशी एक फुटका चिरा होता, तो दोन्ही हातांनी उचलला आणि मागच्या चाकाला लावायला गेले. चिरा जड, कंबरेत कळ आली, नीट बसेना. फिरवून लावला. तोवर बऱ्यापैकी वेळ गेला. आतून बायचा आवाज येत होता, आणि मग यायचा थांबला. आम्ही दोघंही तसेच, ते पेडलवर, मी चाकाशी, कान आत.

मग बाळ रडलं.

मी जमिनीवरच बसले. हुंदका आला तो आवरला नाही, आवरायचं त्राणही नव्हतं. थोड्या वेळाने सासूबाई दारात आल्या, मुलगी झाली म्हणाल्या, डॉक्टरीणबाईंनी फिरवून काढली, दोघी ठीक आहेत म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून परत आत गेल्या. मी उठून यांच्या खिडकीशी गेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात स्टिअरिंगवरून काढला नव्हता. उजवी मांडी धोतराच्या आत थडथड उडत होती. ती थरथर मला ओळखीची होती.

"पाय फार दुखतो गं," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "दुखतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण पाय हलवला नाही. मग माझ्या लक्षात आलं की ते कशासाठी थांबले आहेत. मी वाकून चाकाखालचा चिरा पुन्हा एकदा हलवून पाहिला, तो पक्का बसला होता.

"सोड आता," मी म्हटलं.